रक्ताची नळी आणि गावापुढचा रस्ता

घोड नदीच्या खोऱ्यात पोटाच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याला एकच नाव आहे: पित्त. छातीत जळजळलं तर पित्त, करपट ढेकर आले तर पित्त, अन्नावरची वासना उडाली तर पित्त वाढलंय. कवठे येमाईचा कांदा पिकवणारा पन्नाशीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. चार महिन्यांपासून त्याचं पोट दोन घासांत भरतं. आधी सोडा-लिंबू झालं, मग मेडिकलमधून पित्ताची गोळी आली. गोळीने बरं वाटतं आणि नेमका तिथेच घात होतो, कारण आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी साध्या व्रणाची आग शमते तशीच जठरातल्या कर्करोगाच्या व्रणाचीही शमते. काही वेळा असा व्रण वरवर भरूनही येतो. कांदा निघतो, ऊस तुटून जातो. एक दिवस कुणीतरी पारावर म्हणतं, "लई वाळलास रं." मग शिरूर, मग पुणे, मग दुर्बीण, मग तुकडा काढून तपासायला पाठवणं. रिपोर्ट आल्यावर घरातला आवाज खाली येतो आणि पाव्हण्यांना फोनवर एवढंच सांगितलं जातं: "चांगलं नाही म्हणाले."

हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याची वाट काल्पनिक नाही. जगभरच्या कर्करोगांची मोजदाद करणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ६० हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ५३ हजार माणसं या रोगाने गेली. हे दोन आकडे इतके जवळ असावेत, यातच सगळं दुःख आहे. रोग जठराच्या आतल्या अस्तरापुरताच असताना सापडला, तर जपानी रुग्णालयांत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. अनेकदा पोट फाडावंही लागत नाही, दुर्बिणीतूनच तो भाग खरवडून काढता येतो. आपल्याकडे तो सापडतो तेव्हा बहुधा अस्तर, स्नायू ओलांडून गाठींपर्यंत पोचलेला असतो.

म्हणून रक्ताच्या एका नळीतून हा रोग लवकर ओळखता येईल, ही आशा मला छोटी वाटत नाही. दुर्बीण गावात येत नाही, पण सुई येते. साखरेसाठी, हिमोग्लोबिनसाठी, गरोदर बाईच्या तपासणीसाठी आपण हात पुढे करायला शिकलो आहोत. त्याच नळीत जठराचीही खबर मिळाली तर? मी या आशेच्या बाजूचा आहे. तरीही ही चाचणी उद्या गावात येऊन चाळिशीपुढच्या सगळ्यांचं रक्त सरसकट काढू लागली, तर मी विरोध करीन. या दोन गोष्टी एकाच वेळी का म्हणाव्या लागतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

रक्तात नेमकं काय शोधायचं असतं? सर्वांत जुनी खूण म्हणजे सीईए हे प्रथिन. ते १९६५ मध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात शोधलं. त्याच्यासोबत पुढे सीए १९-९, सीए ७२-४ या खुणा आल्या. उपचार चालू असलेल्या रुग्णाचा रोग परत उचल खातोय का, हे पाहायला त्यांचा उपयोग आहे. लवकरचा रोग शोधायला त्या कुचकामी आहेत: सुरुवातीच्या अवस्थेत बहुसंख्य रुग्णांत त्या वाढलेल्याच नसतात, आणि सीईए तर नुसत्या विडी-सिगारेटनेही वाढतं.

दुसरी खूण मला फार मोलाची वाटते, कारण ती रोगाच्या आधीची गोष्ट सांगते. जठराचं अस्तर पेप्सिनोजेन नावाचं द्रव्य बनवतं. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. वर्षानुवर्षं सूज राहून अस्तर झिजलं की पेप्सिनोजेन-१ घटतं आणि त्याचं पेप्सिनोजेन-२शी असलेलं प्रमाणही घसरतं. कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरिया यांनी या झिजेची पायऱ्यापायऱ्यांची उतरंड मांडली: सूज, अस्तराची झीज, जठरात आतड्यासारख्या पेशी उगवणं, पेशींचं बिघडणं आणि शेवटी कर्करोग. या उतरंडीला बहुतेक वेळा कित्येक वर्षं, कित्येक दशकं लागतात. शिरूर-दौंडच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. पाणी भरमसाट, निचरा नाही, अशी जमीन एका रात्रीत चोपण होत नाही. वरती पांढरं दिसायच्या आधी कितीतरी हंगाम मातीच्या तपासणीत आकडा चढत असतो. पेप्सिनोजेनची चाचणी ही जठराची माती-तपासणी आहे. ती जमीन बिघडल्याचं सांगते. अमुक वाफ्यात तण उगवलंय हे सांगत नाही. आणि काही तण चांगल्या जमिनीतही उगवतं: तरुण वयात होणारा, अस्तरात विखरून पसरणारा जठराचा कर्करोग अशा झिजेशिवायही होतो. पेप्सिनोजेन त्याच्या बाबतीत गप्प राहू शकतं.

या उतरंडीची पहिली पायरी बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू घडवतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्यायला आणि जठराची सूज ओढवून घेतली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जपानमध्ये या जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं आणि पेप्सिनोजेन अशा दोन्ही तपासण्या एकत्र करून माणसांचे अ, ब, क, ड असे गट पाडतात आणि कुणाला दुर्बीण लवकर, कुणाला उशिरा, ते ठरवतात. इथे रक्ताची चाचणी रोगाचं निदान करत नाही, ती दुर्बिणीपुढची रांग लावते. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

तिसरा गट नव्या रेणूंचा. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत पहिला मायक्रो-आरएनए शोधला. या शोधासाठी त्यांना आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. जेमतेम बावीस अक्षरांचे हे तुकडे कुठलं जनुक किती बोलेल हे ठरवतात, आणि पेशीबाहेर पडून रक्तातही आश्चर्य वाटावं इतके टिकतात. सिंगापूरमध्ये अशा बारा तुकड्यांची एकत्र चाचणी जठराच्या कर्करोगासाठी तयार झाली, पाच हजारांहून अधिक लोकांवर तपासली गेली आणि २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने तिला मान्यता दिली. चौथा गट रक्तात तरंगणाऱ्या डीएनएचा. प्लाझ्मात मोकळा डीएनए असतो हे मँडेल आणि मेते यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. त्यातला गाठीतून आलेला अंश ओळखण्याइतकी यंत्रं आत्ता तीक्ष्ण झाली. आपल्या राज्यातही रक्तातून कर्करोग ओळखण्याचं काम चालू आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कर्करोगासाठीच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' हा दर्जा दिला. तो दर्जा म्हणजे विक्रीची मान्यता नव्हे, हे बातमी वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. पण काम आपल्या मातीत होतंय याचा मला आनंद आहे.

अडचण रेणूंच्या हुशारीत नाही, गाठीच्या आकारात आहे. लहान गाठ रक्तात फार थोडं सोडते. दहा मिलिलिटर रक्तातल्या सगळ्या मोकळ्या डीएनएमध्ये पहिल्या अवस्थेतल्या गाठीचा वाटा हजारात एक तुकडा इतकाही नसू शकतो. अनेक कर्करोग एका नळीत शोधणाऱ्या गॅलेरी या अमेरिकी चाचणीचे २०२१ चे आकडे पाहा. निरोगी माणसाला चुकून रोगी ठरवण्याचं प्रमाण फक्त अर्धा टक्का, म्हणजे कौतुकास्पद. चौथ्या अवस्थेतले ९० टक्के कर्करोग तिने ओळखले. तिसऱ्यातले ७७. दुसऱ्यातले ४०. आणि पहिल्या अवस्थेतले? सगळे कर्करोग मिळून १७ टक्क्यांहूनही थोडे कमीच. ज्या अवस्थेसाठी चाचणी हवी, तिथेच ती सर्वांत कमी पाहते.

आता कवठे येमाईचं गणित मांडू. कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी, जांबूत आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्या मिळून चाळिशीपुढची दहा हजार माणसं धरू. त्यांच्यात आज दडलेले जठराचे कर्करोग तीन आहेत असं समजू. भारतातलं प्रमाण पाहता हा अंदाज सढळच आहे. इथे थोडं थांबून जपानशी तुलना करायला हवी. २०२० मध्ये साडेबारा कोटींच्या जपानमध्ये सुमारे १ लाख ३८ हजार नवे रुग्ण होते. आपल्या १३८ कोटींत ६० हजार. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने जपानमध्ये हा रोग आपल्या वीसपटीहून जास्त आढळतो. त्यातही आपल्या देशात मिझोरम, काश्मीर इथे तो पुष्कळ, तर महाराष्ट्रात कमी.

जपानमधल्या अनेक अभ्यासांची बेरीज करून काझुमासा मिकी यांनी २००६ मध्ये पेप्सिनोजेन चाचणीची पात्रता मांडली: सुमारे ७७ टक्के कर्करोग सापडतात आणि सुमारे ७३ टक्के निरोगी माणसांना ती बरोबर निरोगी म्हणते. हीच चाचणी आपल्या दहा हजारांना लावली, तर तिघांपैकी दोघे सापडतील, तिसरा 'सगळं ठीक' असा कागद घेऊन घरी जाईल, आणि सुमारे २,७०० निरोगी माणसांना सांगितलं जाईल की तुमच्या पोटात काहीतरी असू शकतं. शंभरातल्या नव्व्याण्णव निरोगींना बरोबर ओळखणारी अधिक चांगली चाचणी आणली, तरी शंभर माणसांना विनाकारण घोर लागेल. आणि इतका नेमकेपणा साधायचा तर लहान गाठी हातून निसटतात, हे वर पाहिलंच.

शिरूर, आंबेगाव, जुन्नर या बिबट्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे आकड्यांविनाही कळतं. उसाच्या कडेच्या वस्तीवर रात्री कुत्रं भुंकलं तर माणूस बॅटरी घेऊन उठतो, गोठ्याचं दार पाहतो. तेच कुत्रं, तितक्याच तिखट कानाचं, पुण्याच्या एखाद्या सोसायटीत भुंकलं, तर त्या भुंकण्याचा अर्थ बिबट्या असा कुणी लावत नाही. भुंकण्याची किंमत कुत्र्यावर जेवढी, तेवढीच भोवतालच्या शिवारावर ठरते. जपानच्या शिवारात शोधलेली खूण आमच्या शिवारात आणताना शिवार बदललं, हे विसरता येत नाही. त्यात आणखी एक कोडं आहे. आपल्याकडे अर्ध्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो जिवाणू असतो, तरी कर्करोग इतका कमी का, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला 'भारतीय कोडं' असंच म्हणतात. म्हणजे जपानच्या रक्तावर ठरवलेली पेप्सिनोजेनची ७० नॅनोग्रॅमची रेघ आपल्या रक्ताला तशीच लागू पडेल, असं मानायला आधार नाही.

"एक जीव वाचला तरी पुष्कळ" असं यावर म्हणता येतं, आणि मी ते हलक्यावारी झटकणार नाही. पण 'लवकर सापडलं' आणि 'जीव वाचला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग तपासण्यांच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली; २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान पंधरापट झालं आणि मृत्यू मात्र जिथल्या तिथे राहिले. हजारो माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, ज्यांतल्या कितीतरी गाठींनी त्यांना कधीच त्रास दिला नसता. आपल्या मुंबईतला अनुभव याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका अर्ध्या स्त्रियांचे स्तन हाताने तपासत होत्या. तपासलेल्या गटात कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखालच्यांत मात्र लवकर सापडूनही मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. म्हणून कुठलीही रक्तचाचणी 'इतक्या टक्के लवकर शोधते' एवढ्यावर समाधान मानू नये. तिच्यामुळे किती माणसं मरायची राहिली, हे विचारावं, आणि त्या उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

हे उत्तर खेड्यात मिळवता येतं का? महाराष्ट्राने ते मिळवून दाखवलं आहे, आणि आपण त्याची पुरेशी आठवण ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली सुमारे साडेतीनशे गावं तिच्यात होती. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांच्यापुढे प्रश्न साधा होता: शहरात रुग्ण रुग्णालयात येतात आणि नोंद होते, इथे रुग्ण येतच नाही. मग नोंदणी करणारी माणसंच गावोगाव फिरू लागली, सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटू लागली, कर्करोगाची लक्षणं सांगू लागली आणि संशय असलेल्यांना बार्शीच्या रुग्णालयापर्यंत आणू लागली. १९९५ मध्ये त्यांनी जे छापलं ते मला आजही थक्क करतं. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या भागात आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला होता. कुठल्याही नव्या चाचणीशिवाय, कुठल्याही रेणूशिवाय. बोलण्याने आणि चालत जाण्याने.

त्याच पायावर पुढची इमारत उभी राहिली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे चार गट केले गेले. एकाला एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची एकदाच चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्याला नेहमीची सेवा. आठ वर्षांनी, २००९ मध्ये, निष्कर्ष आला: एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या रेणूच्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे. जगभरचे नियम या अभ्यासाने बदलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए हीच पहिली चाचणी म्हणून सुचवली, तेव्हा परांडा-भूमच्या मातीतला हा पुरावा तिच्या पाठीशी होता.

म्हणजे रेणूची चाचणी खेड्यात चालते. प्रश्न ती का चालली, हा आहे. ती चालली कारण चाचणीत खोट निघालेल्या बाईला पुढची तपासणी कुठे, कोण आणि कधी करणार हे आधीच ठरलेलं होतं. कारण रोगाआधीची अवस्था सोप्या उपचारांनी काढून टाकता येत होती. आणि कारण त्या भागात हा रोग खरोखर मोठा होता. जठराच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आज आपल्याकडे अपुऱ्या आहेत. त्या अभ्यासाची दुसरी बाजूही लपवू नये. चौथ्या गटातल्या ३१ हजार ४८८ स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, आणि त्यावर नैतिकतेचा मोठा वाद झाला. त्या ६४ बायका कुणाच्या तरी आया, जावा, नणंदा होत्या. ते ज्ञान त्यांनी भरलेल्या किमतीवर उभं आहे. आणि इतकी किंमत देऊन मिळालेली एचपीव्ही चाचणी आपल्याच गावांतल्या सरकारी तपासणीत अजून सर्रास पोचलेली नाही. भर अजूनही डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीवरच आहे. जी खूण सिद्ध झाली तिची ही गत. मग जी सिद्ध व्हायची आहे ती आधी आणण्याची घाई कशासाठी?

याला एक तिखट उत्तर मिळतं, आणि ते द्यायचा हक्क गावाला आहे. शहरातला माणूस पैसे मोजून हवी ती चाचणी करून घेतो; खेड्यातल्याने मागितली की त्याला आकडेवारी ऐकवायची, हा कुठला न्याय? हा राग मला पटतो. पण पैसे मोजून जे मिळतं ते नीट पाहा. 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये सीईए आणि सीए १९-९ यांचे आकडे छापून येतात. ते सरळ आले की माणूस निर्धास्त होऊन पुन्हा पित्ताची गोळी घेतो, आणि किंचित वाढले की घरदार स्कॅनच्या मागे लागतं. शहराची ही चैन नव्हे, शहराची ही फसगत आहे, आणि समता म्हणून तीच गावाला वाटायची नसते. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ६,६२१ माणसांवर गॅलेरी वापरली गेली. ९२ जणांत इशारा मिळाला. खरा कर्करोग ३५ जणांत निघाला. उरलेल्या ५७ जणांना स्कॅन, दुर्बिणी आणि प्रतीक्षा यांतून जावं लागलं, ज्या देशात हे सारं हाकेच्या अंतरावर असतं. कवठे येमाईच्या माणसाने मंचर, शिरूर, पुणे अशा फेऱ्या मारत, रोज बुडवत, तो खोटा इशारा किती महिने उशाशी घेऊन झोपायचं?

मग माझं मागणं काय? रक्ताची चाचणी दारात आधीच येऊन उभ्या राहिलेल्या माणसासाठी वापरावी. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, पित्ताची गोळी महिनाभराहून अधिक चालू, वजन उतरतंय, दोन घासांत पोट भरतंय, शौच डांबरासारखं काळं होतंय किंवा रक्त कारणाविना कमी झालंय. यातलं एखादं धोक्याचं लक्षण असेल, तर रक्तचाचणीची वाटसुद्धा पाहू नये, सरळ दुर्बीण. तशी लक्षणं नसतील, पण गोळी सुटतच नसेल, तिथे पेप्सिनोजेन आणि जिवाणूची चाचणी रांग लावायला उपयोगी पडू शकेल. अशा माणसांत रोगाचं प्रमाण सरसकट गावापेक्षा कितीतरी जास्त असतं. शिवार उसाचं होतं, आणि भुंकण्याला अर्थ येतो. मात्र त्यासाठी रांगेच्या टोकाला दुर्बीण हवी. मंचरच्या आणि शिरूरच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातला ठरलेला एक दिवस, दुर्बीण टाकणारा प्रशिक्षित डॉक्टर, तुकडा तपासणारी प्रयोगशाळा आणि पंधरा दिवसांत हातात पडणारा रिपोर्ट, एवढं उभं राहिल्याशिवाय गावात नळ्या गोळा करणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं मागणं संशोधकांकडे आहे. आपल्या रक्तावर काम करा. बाजरीची भाकरी, खर्डा, मिश्री लावणं, तंबाखू-चुना, आपले जिवाणू, आपलं पाणी, या सगळ्यासह आपल्या माणसांत पेप्सिनोजेनची रेघ कुठे ओढायची ते बार्शीसारख्या नोंदणीच्या आधाराने ठरवा. आणि नळीचा प्रवासही अभ्यासाचाच भाग धरा. रक्त काढताना सुई चुकली, नळी जोरात हलवली किंवा उन्हात दुचाकीच्या डिकीत तासनतास राहिली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले मायक्रो-आरएनए प्लाझ्मात सांडतात. मग यंत्र जे वाचतं ते जठराचं नसतं, त्या रस्त्याचं असतं. डीएनए काही दिवस सांभाळणाऱ्या खास नळ्या निघाल्या आहेत, पण त्या महाग आहेत. सिंगापूरच्या वातानुकूलित दवाखान्यात सिद्ध झालेली चाचणी वैशाखात आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर सिद्ध व्हायची अजून बाकी आहे.

जिवाणूच सरसकट मारून टाकावा, असंही कुणी सुचवेल. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून तसं केलं आणि जठराचा कर्करोग निम्म्याहून कमी झाला. चीनच्या लिनछू इथल्या दोन आठवड्यांच्या उपचारांचा गुण बावीस वर्षांनंतरही दिसला. पण त्या रोगाने ग्रासलेल्या जागा होत्या. जिथे जिवाणू अर्ध्याहून अधिक लोकांत आणि कर्करोग विरळा, तिथे गावच्या गावाला प्रतिजैविकं पाजली तर औषधांना न जुमानणारे जंतू मात्र नक्की वाढतील. ज्यांच्या सख्ख्या नात्यात जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांची जिवाणूची तपासणी आणि उपचार ही वेगळी गोष्ट. ती आजही करावी.

आणि बोलणं. कवठे येमाईला हे सांगायला मला संकोच वाटतो, कारण हे गाव सांगण्याच्या कलेचंच आहे. इथले लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी वग लिहिले, गाणी लिहिली आणि तीच लेखणी व्यसनमुक्ती, हुंडाबंदी यांसारख्या प्रबोधनासाठीही चालवली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. बार्शीच्या नोंदणीने १९९५ मध्ये जे सिद्ध केलं, त्याची साधनं या गावाकडे आधीपासून आहेत. आशाताईंच्या यादीत साखर, रक्तदाब, तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचे प्रश्न असतात. पोटाचे तीनच प्रश्न त्यात घालता येतील: वजन उतरलं का, पोट लवकर भरतं का, शौच काळं होतं का. याला ना शीतपेटी लागते, ना प्रयोगशाळा.

पण पहिला प्रश्न आशाताईंच्याही आधी विचारायचा आहे, आणि तो मेडिकलच्या काउंटरवर. सुरुवातीचा तो माणूस चार महिने तिथेच येत होता. दर पंधरा दिवसांनी एक पट्टी, सुट्टे पैसे, बस पकडायची घाई. दुकानदार त्याला नावाने ओळखतो, त्याच्या मुलीचं लग्न कधी झालं तेही त्याला माहीत आहे. पट्टी पुढे करताना त्याने एवढंच विचारायचं: "दादा, ही गोळी चालू होऊन किती दिवस झाले?"